'वेडा' हा शब्द आणि उपचाराची वाट

"त्याला डॉक्टरांना दाखवू या," म्हटले की घरातले पहिले विचारतात, "तो काय वेडा आहे?" मानसिक आजार म्हणजे वेड, ही समजूत आजही आपल्या वस्त्यांत घट्ट आहे.

'निम्हान्स'च्या २०१५-१६ च्या राष्ट्रीय मानसिक आरोग्य सर्वेक्षणानुसार दर दहा प्रौढांपैकी साधारण एकाला मानसिक आजार होता. नैराश्य, चिंता अशा नेहमीच्या आजारांत सुमारे ८५ टक्के लोक उपचाराविना होते. (सर्वेक्षण १२ राज्यांत झाले, त्यांत महाराष्ट्र नव्हता.) डॉक्टर कमी आहेत, हे खरेच. पण आम्ही घरोघर फिरतो तेव्हा लाजही दिसते, आणि ती सगळ्यांना सारखी नसते. लग्नाच्या मुलीचा आजार लपवतात, सुनेचा असला तर तिला माहेरी धाडतात. पुरुष दारू जवळ करतो, त्याला कोणी आजार म्हणत नाही. भगताकडे जायला मात्र कोणी लाजत नाही, कारण 'बाहेरचे झाले' म्हटले की दोष माणसावर येत नाही.

म्हणून आम्ही 'मन' हा शब्द आधी काढतच नाही. झोप लागते का, जेवण जाते का, एवढेच विचारतो. त्यावर लोक तासभर बोलतात.

मानसिक आरोग्य सेवा कायदा, २०१७ नुसार सरकारी उपचार हा हक्क आहे आणि रुग्णाची माहिती गुप्त ठेवणे बंधनकारक आहे. 'टेलि-मानस'चा १४४१६ हा क्रमांक मोफत असून चोवीस तास चालतो, मराठीतही. एका तरुणाने तो आमच्या फोनवरून लावला. त्याचा फोन घरात सगळेच बघतात.