वेषाची लाज

मुंबई-गुजराथ लोहमार्ग १८६४ साली सांधला गेला आणि पालघर-बोईसरकडील वेषास मुंबईच्या वेषाशी तुलना सोसावी लागली. पुढे १९६९ मध्ये तारापूरचे अणुवीज केंद्र सुरू झाले. प्रांतोप्रांतींचे पोशाख शेजारी आले. वस्तुतः वारली स्त्रीचे गुडघ्यापर्यंतचे लुगडे भातखाचरातील चिखलास आणि मांगेलणीचा काष्टा किनाऱ्यावरील कष्टांस साजेसाच होता. तरी गोल पातळ नेसणाऱ्या मैत्रिणींत काष्ट्याची बाई संकोचू लागली. काळाची गंमत अशी की, तीच नऊवारी आज शहरांतील मुली शिवून घेऊन लग्नांत मिरवितात! गांधीजी तर १९३१ साली पंचा नेसूनच इंग्लंडच्या बादशहास भेटले. वेष सोयीसाठी खुशाल बदलावा. लाजेपोटी मात्र बदलू नये.