छायाचित्रकाराची मजुरी

मजुराचे छायाचित्र पाहिले की आपण मजुराबद्दल बोलतो. ते चित्र काढणाऱ्याला त्या दिवसाची मजुरी कोणी दिली, हे सहसा कोणी विचारीत नाही. माझे आयुष्य पगारपत्रके तपासण्यात गेले, म्हणून मला हा प्रश्न आधी सुचतो. सामाजिक दुःखाचे चित्रण करू इच्छिणाऱ्या विद्यार्थ्यांना अनुदान देण्याची जी प्रथा आज पडली आहे, तिचा इतिहास म्हणजे याच प्रश्नाचा इतिहास आहे, असे माझे मत आहे.

त्याची सुरुवात अमेरिकेत लुईस हाइन या गृहस्थापासून करावी लागेल. हाइनचा जन्म १८७४ चा. बाप लौकर वारला, आणि हा मुलगा फर्निचरच्या कारखान्यात आठवड्याला चार डॉलरवर दिवसाचे तेरा तास राबू लागला. पुढे शिकून तो न्यूयॉर्कच्या एका शाळेत मास्तर झाला. कॅमेरा त्याच्या हाती आला तो त्या शाळेच्या मुख्याध्यापकांमुळे, शिकवण्याचे साधन म्हणून. एलिस बेटावर उतरणाऱ्या निर्वासितांची चित्रे त्याने शाळेत असतानाच काढली. त्याच्या विद्यार्थ्यांपैकी एक पॉल स्ट्रँड, तो पुढे जगप्रसिद्ध झाला.

१९०४ साली स्थापन झालेल्या राष्ट्रीय बालमजुरी समितीने १९०८ मध्ये हाइनला पूर्ण वेळ पगारावर घेतले. ही गोष्ट मला फार महत्त्वाची वाटते. वर्तमानपत्राने त्याला एक दिवस दिला असता, गिरणीमालकाने तर यंत्रांची चित्रे काढवून घेतली असती. समितीने त्याला वर्षे दिली. सूतगिरण्या, कोळशाच्या खाणी, काचेचे कारखाने, मासळीचे डबे भरण्याचे कारखाने, सगळीकडे तो हिंडला. कधी बायबल विकणारा, कधी विम्याचा माणूस, अशी सोंगे त्याने घेतली. मुलाची उंची तो आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मापी आणि खिशात हात घालून, न पाहता कागदावर टिपून घेई. नाव, वय, कामाचे तास, सगळे चित्रासोबत नोंदलेले असे. पाच हजारांवर चित्रे आज वॉशिंग्टनच्या काँग्रेस ग्रंथालयात आहेत. समिती ती सभांत दाखवी, पत्रकांत छापी. १९१६ मध्ये कायदा झाला, १९१८ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो रद्द केला, आणि १९३८ चा कायदा येईपर्यंत आणखी वीस वर्षे गेली. चित्राने कायदा होतो असे म्हणणाऱ्यांनी ही वीस वर्षे विसरू नयेत.

आपल्याकडे नारायण मेघाजी लोखंडे यांनी १८८४ साली मुंबईच्या साडेपाच हजार गिरणी कामगारांच्या सह्यांचे निवेदन फॅक्टरी कमिशनपुढे ठेवले. कॅमेरे तेव्हा मुंबईत होते, पण ते दरबारात आणि बंगल्यांवर होते. गिरणीच्या साच्यापुढे कॅमेरा उभा करण्यासाठी पैसे देईल असे कोणी नव्हते. म्हणून लोखंड्यांच्या माणसांच्या सह्या आपल्या इतिहासात आहेत, पण त्यांचे चेहरे नाहीत.

हाइनचा शेवट मात्र वाईट झाला. मंदीच्या काळात अमेरिकन सरकारने शेतकऱ्यांच्या हलाखीची चित्रे काढण्यासाठी छायाचित्रकार नेमले. त्या खात्याच्या रॉय स्ट्रायकरने हाइनला घेतले नाही. गुगेनहाइम शिष्यवृत्तीसाठी त्याने केलेला अर्जही नामंजूर झाला. घर गेले. १९४० मध्ये तो वारला तेव्हा ज्याच्या चित्रांवर एक चळवळ उभी राहिली त्याच्यापाशी फारसे काही शिल्लक नव्हते.

त्याच्या मुलाने चित्रे आणि काचा न्यूयॉर्कच्या फोटो लीगच्या स्वाधीन केल्या. १९३६ मध्ये निघालेली ही संस्था मला सर्वांत जवळची वाटते, कारण ती वर्गणीवर चालली. माफक फी, फुकट शिकवणारे शिक्षक, सर्वांना मिळून एक अंधारी खोली. शाळेचा भार सिड ग्रॉसमनने वाहिला. आरन सिस्किंड दिवसा सरकारी शाळेत इंग्रजी शिकवी आणि उरलेल्या वेळात लीगच्या मंडळींना घेऊन हार्लेम या काळ्या वस्तीत चित्रे काढी. हे काम काही वर्षे चालले. त्यांना अनुदान कोणी दिले? कोणीच नाही. त्यांनी ते आपल्या झोपेतून आणि रविवारातून काढले. हे काम थोर आहे यात शंका नाही, पण दिवसा नोकरी असलेल्या माणसाला रात्रपाळीच्या मजुराचे चित्र काढण्याइतकी ताकद किती दिवस राहणार?

आणि मग सरकारची नजर पडली. डिसेंबर १९४७ मध्ये अमेरिकन ॲटर्नी जनरलच्या देशविरोधी संस्थांच्या यादीत लीगचे नाव आले. १९४९ मध्ये लीगचीच एक सभासद न्यायालयात पोलिसी खबरी म्हणून उभी राहिली. (असली माणसे आम्हा युनियनवाल्यांना नवीन नाहीत, वर्गणी तीच सर्वांत नियमित देतात!) १९५१ मध्ये लीग बंद पडली. वर्गणीवरची संस्था धनिकापुढे वाकत नाही हे खरे, पण सभासद घाबरले की ती दोन वर्षांत संपते, हेही तितकेच खरे.

पडत्या काळात लीगचा अध्यक्ष झालेला युजीन स्मिथ पुढे 'लाइफ' साप्ताहिकाची नोकरी सोडून पिट्सबर्ग या पोलादाच्या शहरी गेला. काम होते तीन आठवड्यांचे, शंभर चित्रांचे. त्याने हजारो निगेटिव्ह काढल्या आणि वर्षानुवर्षे त्यांतच गुंतला. हाइनला नाकारलेली गुगेनहाइम शिष्यवृत्ती स्मिथला याच काळात मिळाली. १९७१ मध्ये तो जपानमधील मिनामाटा येथे राहायला गेला. चिस्सो कंपनीने समुद्रात सोडलेल्या पाऱ्याने तेथील कोळ्यांची कुटुंबे पांगळी झाली होती. कंपनीच्या माणसांनी १९७२ मध्ये त्याला बेदम मारले. १९७८ मध्ये तो वारला, आणि त्याच्या नावाने निघालेल्या निधीतून १९८० पासून दरवर्षी अनुदान दिले जाऊ लागले. १९८२ मध्ये ते ब्राझीलच्या सेबास्तियाव साल्गाडोला मिळाले. पुढे त्याने जगभरच्या अंगमेहनती कामगारांवर मोठा ग्रंथ केला, त्यात धनबादचे खाणकामगार आहेत. आणि १९९५ साली चर्चगेट स्टेशनावरच्या गर्दीचे चित्र काढले. दोन गाड्यांच्या मधून माणसे पाण्यासारखी वाहताना दिसतात, चेहरा एकाचाही ओळखू येत नाही.

२०२१ मध्ये या निधीने विद्यार्थ्यांसाठी वेगळे अनुदान सुरू केले. मला हे पाऊल फार योग्य वाटते. नाव झालेल्या माणसाला चार दरवाजे उघडतात. विद्यार्थ्याला कॅमेऱ्याचा हप्ता, खोलीचे भाडे आणि शिकवणीची फी एकदमच भरायची असते. अनुदान नसेल तर मजुराच्या वस्तीत सहा महिने राहणे ज्याच्या बापाला परवडते, तोच तेथे राहील, आणि मजुराचा मुलगा लग्नाचे फोटो काढून पोट भरील. एक शंका मात्र बोलून दाखवतो. अर्ज लिहिणे ही स्वतंत्र विद्या आहे. चांगले इंग्रजी लिहिणारा पुढे जातो. तेरा तास काम करून आलेल्या हाइनला तो अर्ज भरता आला असता का, याचा विचार निवड करणाऱ्यांनी केला पाहिजे.

शिवाय हाइनला पगाराबरोबर आणखी एक गोष्ट मिळाली होती: समितीची सभा, तिचे पत्रक, तिच्या प्रदर्शनाचे फलक. लीगलाही स्वतःच्या भिंती होत्या. आजच्या विद्यार्थ्याला पैसे मिळाले तरी चित्रे लावायला जागा मिळेलच असे नाही. आमच्या युनियनांच्या कचेऱ्यांत मात्र जुन्या कॅलेंडरांखाली पुष्कळ भिंत रिकामी आहे.