किरणांपासून रक्षण करणारें औषध

औषध म्हटलें म्हणजे तें रोग झाल्यावर घ्यावयाचें, असा आपला नित्याचा अनुभव आहे. परंतु घाव बसण्यापूर्वींच जें शरीरांत हजर असावें लागतें, अशा एका औषधाची हकीकत आम्ही आज वाचकांपुढें ठेवीत आहों.

इ. स. १८९५ मध्यें राँटगेन यांनीं क्ष-किरणांचा शोध लावला. आणि १९०४ मध्यें एडिसन यांचे सहायक क्लॅरेन्स डॅली हे त्याच किरणांनीं जडलेल्या व्याधीस बळी पडले. हे किरण पेशींतील पाण्याचे रेणू फोडतात. त्यांतून हायड्रॉक्सिल नांवाचे अत्यंत उतावळे मूलक निपजतात, व ते पेशीच्या आनुवंशिक द्रव्यावर घाला घालतात. हा सारा प्रकार निमिषाच्या अल्पांशांत उरकतो.

ज्या उद्योगांतून अणुबाँब निर्माण झाला, त्यांतूनच अमेरिकेंतील आरगॉन प्रयोगशाळा उभी राहिली. तेथें १९४९ मध्यें हार्वे पॅट व त्यांचे सहकारी यांनीं उंदरांस सिस्टीन हें गंधकयुक्त अमिनो आम्ल आधीं देऊन मग क्ष-किरण दिले. तेव्हां मरावयाचे पुष्कळ उंदीर वांचले. तेंच द्रव्य किरणांनंतर दिलें असतां मात्र तें वरातीमागून आलेलें घोडें ठरलें. गंधकाशीं जोडलेला हायड्रोजन मूलकांस देऊन त्यांस शांत करणें, हा अशा द्रव्यांचा मुख्य गुण होय. पुढें १९५१ मध्यें बेल्जममधील बाक यांनीं सिस्टिअमाइन हें अधिक प्रभावी द्रव्य पुढें आणलें.

अणुयुद्धाच्या धास्तीनें अमेरिकन सैन्याच्या वॉल्टर रीड संस्थेनें १९५९ पासून या शोधास हात घातला व चार हजारांहून अधिक संयुगें पारखलीं. त्यांतून निवडलें गेलेलें तें अमिफोस्टीन. याच्या गंधकावर फॉस्फेटचें झांकण असतें. निरोगी ऊतींतील एक विकर तें सहज काढतें, अर्बुदांत मात्र तें तितकें निघत नाहीं. परंतु हें औषध टोंचून घ्यावें लागतें, त्याचा प्रभाव लवकर ओसरतो, वांत्या होतात व रक्तदाब उतरतो. असें कवच शिपायाच्या काय कामाचें?

कामास आलें तें निराळ्याच ठिकाणीं. १९९९ मध्यें अमेरिकेंत, डोकें व मान यांच्या कर्करोगावर शस्त्रक्रियेनंतर किरणोपचार घेणाऱ्या रुग्णांच्या लाळग्रंथींच्या रक्षणार्थ त्यास मान्यता मिळाली. लाळ आटली म्हणजे घांस गिळणें व चार शब्द बोलणेंही किती कष्टाचें होतें, हें त्या रुग्णांसच ठाऊक!

युद्धामुळें विज्ञान वाढतें, असें म्हणणारे या इतिहासाकडे बोट दाखवितील. आम्हांस त्यांतून निराळाच बोध होतो. रुग्णास किरणांची घटका आधीं कळते. हिरोशिमाच्या नागरिकांस १९४५ सालीं ती कळली नव्हती. आधीं घ्यावयाचें औषध ज्यास सूचना मिळते त्यासच तारतें. आणि अणुबाँब कोणाच्याही दारीं सूचना देऊन येत नाहीं. म्हणून त्यावरील उपाय औषधाच्या कुपींत नाहीं, तो बाँब न टाकण्यांतच आहे.