तानाजी मालुसरे : पोवाड्यातला वीर आणि चिकित्सेचा काळ

शिवाजी महाराजांचे सरदार. मृत्यू ४ फेब्रुवारी १६७०, कोंढाणा (सिंहगड). पोलादपूर तालुक्यातील उमरठ हे त्यांचे गाव मानतात. जन्मगावाबाबत मात्र एकमत नाही, पाचगणीजवळच्या गोडवलीचाही दावा आहे.

१६६५ च्या पुरंदर तहात जे तेवीस किल्ले मोगलांकडे गेले, त्यांत कोंढाणा होता. तो परत घेताना तानाजी पडले आणि पुढच्या पिढ्यांनी त्यांना अतिमानवी वीर केले. तुळशीदास शाहिराच्या पोवाड्यात यशवंती घोरपड दोर घेऊन कडा चढते, ऐंशी वर्षांचे शेलारमामा लढतात, किल्लेदार उदेभानाच्या बाजूने चंद्रावळी हत्ती अंगावर येतो. मुलांच्या पुस्तकांतून हीच गोष्ट घरोघर पोचली.

कागद मागणाऱ्या आजच्या वाचकाला घोरपड पटत नाही, आणि ते योग्यच आहे. चार-पाच किलोच्या प्राण्याच्या आधाराने शस्त्रधारी माणूस कडा चढणार नाही. सभासदाच्या बखरीतही घोरपड नाही. राजाराम महाराजांच्या सांगण्यावरून जिंजीला लिहिलेली ही बखर सतराव्या शतकाच्या अखेरीची, म्हणजे घटनेला फार वर्षे लोटलेली नव्हती. तिच्यात आधी दोन निवडक मावळे रात्री वानरांसारखे कड्यावरून वर जातात, वरून माळ (दोराची शिडी) लावतात, मग तानाजींसह तीनशे माणूस चढते. लढताना तानाजींची ढाल तुटते, दुसरी वेळेवर मिळत नाही, तेव्हा ते डाव्या हाताचीच ढाल करून वार झेलतात. ते आणि उदेभान दोघेही पडल्यावर भाऊ सूर्याजी लोकांना सावरून गड घेतात आणि पागेला आग लावून राजगडाला इशारत देतात.

हा मजकूर पोवाड्याहून रोडका असला तरी वीर म्हणून तानाजी यातच मोठे दिसतात. घोरपड वगळली की अंधारात बोटांनी कातळ चाचपत चढलेल्या त्या दोन मावळ्यांकडे लक्ष जाते. त्यांची नावे बखरीने दिलेली नाहीत, ही खरी हळहळ.

तानाजींच्या बलिदानावरून गडाला सिंहगड नाव पडले, हा समजही टिकत नाही. १६६३ च्या एका पत्रात ते नाव आधीच येते. तरी हरि नारायण आपट्यांची ‘गड आला पण सिंह गेला’ ही कादंबरी, तिच्यावरचा प्रभातचा ‘सिंहगड’ हा चित्रपट (१९३३) आणि २०२० चा हिंदी ‘तान्हाजी’ यांनी प्रत्येक पिढीला तो वीर पुन्हा दिला.

तानाजींचे शव मढे घाटाने कोकणात उतरवले, असे परंपरा सांगते. समाधी उमरठला आहे. शेलारमामांचीही तिथेच दाखवतात. मुंबई-गोवा महामार्गावर महाडच्या पुढे पोलादपूर लागते, तिथून गावाकडे रस्ता जातो.