जस्त-बॅटरीतील विभाजक

पुन्हा चार्ज होणाऱ्या जस्ताच्या बॅटरीत ऋणाग्र आणि धनाग्र यांच्यामध्ये बसवलेला पातळ पडदा. व्यवहारात त्याला सेपरेटरच म्हणतात. दोन्ही अग्रांना एकमेकांपासून लांब ठेवायचे, पण आयनांची वाट अडवायची नाही, असे त्याचे दुहेरी काम.

जस्ताची खोड जुनी आहे. वापरताना ते विरघळते आणि चार्ज करताना परत जमते, पण जिथून गेले तिथेच जमेल याचा भरवसा नाही. जरा उंचवटा असला की प्रवाह तिथे एकवटतो, जस्ताला फांद्या फुटतात (वृक्षिका) आणि एखादे टोक पडद्यापार गेले की घट आतल्या आत शॉर्ट होतो.

फ्रान्सच्या आन्री आंद्रे यांनी 1940 च्या दशकाच्या आरंभी चांदी-जस्त घटात सेलोफेन वापरले. ते घटातल्या कॉस्टिक पोटॅशच्या द्रावणात फुगते, त्याची छिद्रे अतिसूक्ष्म असतात. मात्र चांदीचे ऑक्साइड त्याला खाते, म्हणून अनेक थर गुंडाळावे लागतात. दुसरा पर्याय पॉलिप्रॉपिलिनचा: ते चिवट, पण मुळात पाणी न धरणारे. त्यावर आधी ओलावा धरणारा लेप हवा.

जस्त सल्फेटच्या सौम्य द्रावणावर चालणाऱ्या घटांसाठी प्रयोगशाळांत सर्रास काचतंतूचा कागद वापरतात. द्रावण तो भरपूर शोषतो, पण पॉलिप्रॉपिलिनचा पडदा 25 मायक्रोमीटरचा, तर हा कधीकधी अर्ध्या मिलिमीटरहून जाड, शिवाय ठिसूळ. सोयीपोटीच तो टिकून आहे. पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेत श्रीकुमार कुरुंगोट यांच्या गटाने 2019 मध्ये छिद्रांची वाटच सोडली: जस्त आयन भरलेला, नाफिऑन या आयनवाहक पॉलिमरचा पडदा व्हॅनेडियम ऑक्साइडच्या धनाग्रासोबत वापरला आणि वृक्षिकांना आळा बसून घटाचे आयुष्य वाढले. नाफिऑन महाग आहे, ही अडचण उरतेच.

रायगड जिल्ह्यात 22 जुलै 2021 च्या पुरात महाड पाण्याखाली गेले, तळियेवर दरड कोसळली. अशा मुलखात राखीव विजेसाठी न पेटणारी, पाण्यातील द्रावणावर चालणारी जस्ताची बॅटरी सोयीची. पण प्रयोगशाळेत बॅटरीचे आयुष्य बहुधा चार्ज-डिस्चार्जच्या फेऱ्यांत मोजतात. पोलादपूरच्या एखाद्या दवाखान्यात राखीव बॅटरी वर्षातला बराच काळ नुसती भरून ठेवलेली असणार. तिथे फेऱ्या मोजून भागत नाही: बॅटरी न वापरताही पोटॅशमध्ये सेलोफेन झिजत राहते.