रातचं रक्त

रक्त घेणाऱ्याला घड्याळ बघावंच लागतं. साखरेचा एक नमुना उपाशीपोटी, दुसरा जेवणानंतर दोन तासांनी. कॉर्टिसॉलचा सकाळी आठच्या सुमारास. या तपासण्यांत वेळ हुकली तर आकडा वर-खाली होतो, डॉक्टर कपाळाला आठ्या घालतात आणि पुन्हा नमुना मागवतात. हत्तीरोगाच्या नमुन्यात वेळ हुकली तर रोगच दिसत नाही. ज्याच्या बोटातला थेंब दुपारी बारा वाजता निखळ स्वच्छ, त्याच्याच बोटातून रात्री बारा वाजता काढलेल्या थेंबात जंताची पिल्लं वळवळताना दिसतात. सुई तीच, काच तीच, बोट तेच. फरक फक्त वेळेचा.

माझी सगळी नोकरी विदर्भात, हत्तीरोग नियंत्रण पथकात, प्रयोगशाळा तंत्रज्ञ म्हणून झाली. सरकारी कागदावर आमच्या कामाला ‘रात्रीचे रक्त सर्वेक्षण’ म्हणत. खेड्यात त्याचं नाव ‘रातचं रक्त’. या रातच्या रक्तामागे दीडशे वर्षांचा इतिहास आहे. तो आम्हाला प्रशिक्षणात कोणी नीट सांगितला नाही, तुकड्या-तुकड्यांनी मीच जमवला.

रोग जुना आहे. सुश्रुतसंहितेत तो ‘श्लीपद’ म्हणून येतो, आणि तिथेच एक मार्मिक निरीक्षण आहे: जिथे जुनं पाणी साचून राहतं आणि बारमाही गारवा असतो, अशा प्रदेशांत हा रोग विशेष होतो. डास कोणाच्या ध्यानीमनी नव्हता, पण साचलेल्या पाण्यावर बोट बरोबर ठेवलं होतं. 1583 ते 1588 या काळात गोव्यात राहिलेल्या लिन्सखोटेन या डच माणसाने आपल्या प्रवासवर्णनात हत्तीसारख्या पायांच्या लोकांबद्दल लिहिलं. हे संत थॉमसच्या मारेकऱ्यांचे वंशज, त्यांना शाप लागलाय, अशी ऐकीव कथाही त्याने नोंदवली. शापाची ही समजूत आमच्या काळापर्यंत टिकून होती, फक्त देव बदलले होते.

रक्तात काहीतरी आहे हे कळलं ते कलकत्त्यात. टिमोथी लुईस नावाचा लष्करी डॉक्टर तिथे दुधासारखी पांढरी लघवी होणाऱ्या रुग्णांवर काम करत होता. तसल्या लघवीत हे सूक्ष्म जंत दिसतात, हे ब्राझीलमध्ये वुखेरर यांनी 1866 मध्येच पाहिलं होतं. लुईसला 1872 मध्ये ते माणसाच्या रक्तात सापडले. पूर्ण वाढलेला जंत, दोऱ्यासारखा बारीक, मादी आठ-दहा सेंटीमीटर लांब, तो ऑस्ट्रेलियात ब्रिस्बेनच्या बँक्रॉफ्ट यांनी 1876 मध्ये शोधला. म्हणून या जंताच्या नावात वुखेरर आणि बँक्रॉफ्ट दोघेही आहेत: वुखेररिया बँक्रॉफ्टाय. लुईसचं नाव मात्र त्यात आलं नाही.

पुढची गोष्ट चीनच्या किनाऱ्यावरच्या अमॉय बंदरातली. पॅट्रिक मॅन्सन हा स्कॉटिश डॉक्टर तिथे चिनी जकात खात्याच्या नोकरीत होता. 1875 मध्ये रजेवर लंडनला गेला असताना ब्रिटिश म्युझियमच्या ग्रंथालयात त्याने लुईसचं काम वाचलं. परतल्यावर त्याने विचार केला की हे जंत रक्तात फिरतात, तर रक्त पिणारा कोणीतरी त्यांना बाहेर काढत असणार. 1877 मध्ये त्याने हिन-लो नावाच्या आपल्या माळ्याला, ज्याच्या रक्तात जंत होते, रात्री डासांच्या खोलीत झोपवलं आणि सकाळी रक्त पिऊन टम्म झालेले डास पकडून चिरले. त्यांच्या पोटात जंत मरत नव्हते, वाढत होते. माणसाचा रोग कीटकाच्या अंगात वाढतो, हे जगाला पहिल्यांदा इथे दिसलं. रोनाल्ड रॉसचा सिकंदराबादचा हिवतापाचा शोध त्यानंतर वीस वर्षांनी लागला, आणि रॉसला त्या वाटेला लावणाराही मॅन्सनच.

माझ्या धंद्याचा खरा पाया मात्र त्यानंतरचा. रक्त तपासायला मॅन्सनने चिनी मदतनीस तयार केले होते. दिवसा बघणाऱ्याला फारसं काही सापडेना आणि रात्री बघणाऱ्याला मात्र पुष्कळ सापडत. साहेबाने हाताखालच्याला आळशी ठरवून विषय संपवला असता तर तो तिथेच संपला असता. मॅन्सनने त्याच रुग्णांचं रक्त दिवसरात्र ठरावीक अंतराने घ्यायला लावलं आणि तक्ता मांडला. सूर्य मावळला की जंत रक्तात येऊ लागतात, मध्यरात्रीच्या सुमारास त्यांचा कळस होतो, सकाळी आठ-नऊपर्यंत ते जवळपास नाहीसे होतात. हे लंडनच्या विद्वानांपुढे वाचलं गेलं तेव्हा, हे जंत खिशात घड्याळ ठेवतात काय, असं कोणीतरी विचारल्याची गंमत सांगितली जाते.

1881 मध्ये लंडनच्या स्टीफन मॅकेन्झी या डॉक्टरने एका रुग्णाला दिवसा झोपवलं आणि रात्री जागं ठेवलं. काही दिवसांत जंतांचंही वेळापत्रक उलटं झालं. म्हणजे ते सूर्य बघत नव्हते, माणसाची झोप बघत होते. मग दिवसा ते जातात कुठे? त्याचं उत्तर मॅन्सनलाच 1897 मध्ये मिळालं, तेही एका दुर्दैवी प्रसंगातून. त्याच्या देखरेखीखालच्या एका रुग्णाने सकाळच्या वेळी विष घेऊन जीव दिला. शवविच्छेदनात जंतांची गर्दी फुप्फुसांत सापडली. दिवसभर ते तिथल्या बारीक रक्तवाहिन्यांत मुक्काम करतात. असं का, याचा छडा लावण्यात पुढे फ्रँक हॉकिंग यांनी बरीच वर्षं घातली आणि रक्तातल्या प्राणवायूच्या चढउताराशी त्याचा संबंध दाखवला. विश्वाचं कोडं घेऊन बसलेले स्टीफन हॉकिंग हे त्यांचेच चिरंजीव.

मॅन्सनचंही सगळं बरोबर नव्हतं. डास पाण्यावर मरून पडतो आणि ते पाणी पिऊन माणसाला रोग होतो, असं तो धरून चालला होता. 1900 मध्ये लो यांनी लंडनमध्ये आणि जेम्स यांनी त्रावणकोरात जंत डासाच्या सोंडेत पाहिले, तेव्हा डास चावल्यानेच रोग होतो हे पक्कं झालं. आपल्याकडे हे काम क्युलेक्स डास करतो. गटारातल्या, सेप्टिक टँकच्या घाण पाण्यात वाढणारा आणि रात्री चावणारा. जंत रात्री कातडीपाशी येतो आणि डासही रात्रीच येतो. दोघांची वेळ जुळली म्हणून रोग टिकला. पॅसिफिकच्या काही बेटांवर दिवसा चावणारा डास हा रोग पसरवतो, आणि तिथल्या लोकांच्या रक्तात जंत दिवसाही सापडतात. तिथल्या तंत्रज्ञांना जागरण नाही. याचा मला हेवा वाटत आला आहे.

भारतात राष्ट्रीय हत्तीरोग नियंत्रण कार्यक्रम 1955 मध्ये सुरू झाला. महाराष्ट्रात या रोगाचं मोठं ठाणं म्हणजे पूर्व विदर्भ: नागपूर, वर्धा, भंडारा, चंद्रपूर, गडचिरोली. भाताच्या बांध्या, मामा तलाव, उघडी गटारं, आणि संध्याकाळ झाली की कानाशी गुणगुण.

आमची वेळ साडेआठ ते बारा. मी, एक आरोग्य सेवक आणि वाट दाखवायला गावचा कोतवाल. खांद्याच्या पिशवीत लाकडी खाच्यांची काचपट्ट्यांची पेटी, स्पिरिट, कापूस, सुया, पेन्सिल, नोंदवही. बॅटरी कोतवालाच्या हातात. आधी नोंद: घर क्रमांक, नाव, वय, वेळ. मग डाव्या हाताची अनामिका धरायची, स्पिरिटने पुसायची आणि ते वाळू द्यायचं. ओल्या स्पिरिटवर टोचलं की थेंब पसरतो. टोचणं बोटाच्या टोकावर नको, कडेला. पहिला थेंब पुसून टाकायचा. पुढचं रक्त वीस घनमिलिमीटर, काचेवर घेऊन सुईच्या आडव्या बाजूने गोल पसरवायचं, वर्तमानपत्राची अक्षरं खालून जेमतेम दिसावीत इतकं जाड. काच सपाट ठेवून वाळवायची.

आणि मग राखण. वाळल्या रक्ताला मुंग्या आणि झुरळं चटावतात. रात्रीतून झुरळाने काच चाटली तर सकाळी त्या जागी नक्षी उरते आणि एका माणसाचा निकाल झुरळाच्या पोटात जातो. पेटीच्या चारही पायांखाली पाण्याच्या वाट्या ठेवण्याची रीत मला एका जुन्या तंत्रज्ञांनी शिकवली. सकाळी काचा साध्या पाण्यात उभ्या करायच्या. लाल रंग धुऊन गेला की मळकट पांढरा डाग उरतो, तो वाळवून रंगवायचा. हे चोवीस तासांच्या आत. मे महिन्यात चंद्रपूरच्या उन्हात काच पडून राहिली तर रक्त काचेलाच भाजून बसतं, मग कितीही धुवा, लाली सुटत नाही.

दुर्बिणीखाली जंताचं पिल्लू दिसतं ते मोठं देखणं. सहज सोडून दिलेल्या दोरीसारखी सैल वळणं, बाहेरून पारदर्शक खोळ, आत जांभळ्या ठिपक्यांची रांग. शेपटीच्या टोकाशी ठिपके नाहीत याची खात्री करायची. दोन ठिपके असतील तर तो केरळकडचा, ब्रुगिया जातीचा जंत.

काचेपेक्षा माणसं अवघड. दिवसभर निंदण करून आलेली बाई नुकती आडवी झालेली, आणि दारात तीन पुरुष बॅटरी घेऊन रक्त मागतायत.

“काहून बाप्पा, दिवसा सुटी असते का तुमाले?”

“मावशी, तो जंत दिवसा लपून राहते, रातच्याले निंगते.”

“मंग चोरच म्हना की!” आणि बोट पुढे.

सगळीकडे असं हसण्यावारी जात नसे. हे रक्त शहरात विकतात, ही अफवा प्रत्येक मोसमात नव्याने उठायची. पाय सुजलेला म्हातारा हौसेने बोट द्यायचा आणि धडधाकट पोरगा पळायचा. खरं तर आम्हाला हवा असायचा तो पोरगाच. पाय हत्तीसारखा होईपर्यंत रक्तातले जंत बहुधा संपलेले असतात, आणि ज्याच्या रक्तात जंत भरलेत तो वरून ठणठणीत दिसतो. ज्याला काही होत नाही त्यालाच, तेही मध्यरात्री, तू रोगी असशील असं पटवायचं, हे आमचं काम.

त्यामुळे पळवाट निघालीच. अंधार पडल्या-पडल्या सात वाजता गाव जागं असतं, चूल पेटलेली असते, सगळी माणसं घरात सापडतात. तासाभरात काचा पुऱ्या होतात आणि नोंदवहीत वेळ टाकायची रात्री दहाची. मी एका पथकाची पेटी तपासायला घेतली तेव्हा हे मला कसं कळलं? सव्वादहा वाजले होते. शेवटच्या काचांवर वेळ दहाची आणि रक्त मात्र कडकडीत वाळलेलं, कडेला तडे गेलेले. दमट हवेत जाड थेंब पंधरा मिनिटांत तसा होत नाही. त्या गावात सुजलेले पाय रस्त्याने दिसत होते आणि अहवाल जवळजवळ निरंक. वरच्या अधिकाऱ्यांना निरंक अहवाल आवडला.

हा किस्सा सांगतो कारण आज त्याची किंमत जास्त आहे. 2004 पासून सामूहिक औषधोपचार मोहीम सुरू झाली. वर्षातून एकदा गावातल्या सगळ्यांनी, रोग असो वा नसो, डीईसीच्या गोळ्या समक्ष गिळायच्या. पुढे तिला अल्बेंडाझोलची जोड मिळाली आणि नंतर आयव्हरमेक्टिनची. तीन औषधांचा हा डोस देशात सुरुवातीला ज्या थोड्या जिल्ह्यांत दिला गेला त्यांत नागपूर होतं. मोहीम चालू ठेवायची की थांबवायची, हे ठरतं रक्तात जंत असलेल्यांचं प्रमाण एक टक्क्याच्या आत आलं की नाही यावर. एक टक्का म्हणजे शंभर काचांत एक. सात वाजताच्या काचा हा एक सहज गिळून टाकतात.

दरम्यान दिवसा करता येणारी चाचणी आली. मोठा जंत जिवंत असेल तर त्याचे अंश रक्तात सदासर्वकाळ असतात. पट्टीवर थेंब टाकला, दहा मिनिटांत रेघ उमटते. अशा चाचण्यांवर सेवाग्रामच्या महात्मा गांधी आयुर्विज्ञान संस्थेतही डॉ. हरिनाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी बरंच संशोधन केलं. मोहीम संपल्यावर सहा-सात वर्षांच्या मुलांची तपासणी आता शाळेत, भर दिवसा, या पट्टीनेच होते. मुलं रडत नाहीत, गुरुजी कुरकुरत नाहीत. मला त्याचं वाईट वाटत नाही. जागरणात कसली थोरवी नसते.

पण नव्या पोरांना मी एक गोष्ट आवर्जून सांगतो. पट्टी सांगते की अंगात जंत आहे किंवा नुकताच होता. औषध घेऊन रक्तातली पिल्लं मेली तरी ती बरेच दिवस रेघ दाखवू शकते. आज रात्री या माणसाला चावणारा डास रोग घेऊन उडेल का, याचं उत्तर अजूनही रातच्या काचेवरच मिळतं. म्हणून पथकं अजून रात्री निघतात. त्यांच्या नोंदवहीत बारा-चौदा रकाने असतात. तपासायला बसलात तर नाव, वय, घर क्रमांक मागाहून बघा. आधी वेळेचा रकाना बघा, आणि तो एकाच शाईने एकाच बैठकीत भरलेला दिसला तर ती पेटी बाजूला ठेवून गाव पुन्हा करायला सांगा.