पोलंडमधील साम्यवादी राजवटीचा शेवट (१९८०–९०)

दुसऱ्या महायुद्धानंतर पोलंडमध्ये रुजलेली पोलिश संयुक्त कामगार पक्षाची सत्ता संप, वाटाघाटी आणि मतदान या मार्गांनी संपुष्टात येण्याची प्रक्रिया. या सत्तांतराचा उगम अन्नधान्य व मांसाच्या सरकारी दरांत सापडतो. सरकार हे दर कृत्रिमरीत्या कमी ठेवी आणि तोटा असह्य झाला की एकदम वाढवी. डिसेंबर १९७० च्या भाववाढीनंतर बाल्टिक किनाऱ्यावरील शहरांत गोळीबार होऊन चाळीसहून अधिक लोक मेले व पक्षप्रमुख गोमुल्का यांना जावे लागले. जून १९७६ ची वाढ संपांमुळे दुसऱ्याच दिवशी मागे घेण्यात आली. १९८० मध्ये मांसाचे दर वाढले आणि ऑगस्टमध्ये ग्दान्स्कच्या लेनिन गोदीतील कामगारांनी एकवीस मागण्या मांडल्या. त्यांत पहिली मागणी पगाराची नव्हती, स्वतंत्र कामगार संघटनेची होती. ३१ ऑगस्टच्या करारातून जन्मलेल्या ‘सॉलिडॅरिटी’ची सभासदसंख्या लवकरच सुमारे एक कोटीवर गेली. कामगारांच्या नावाने राज्य करणाऱ्या पक्षाला कामगारांचीच संमती उरलेली नाही, हे त्यातून उघड झाले.

ही संमती बळाने मिळवता येते का, याची परीक्षा पक्षप्रमुख व पंतप्रधान जनरल यारुझेल्स्की यांनी १३ डिसेंबर १९८१ रोजी लष्करी कायदा पुकारून घेतली. संघटनेवर बंदी आली, तिचे नेते लेक वालेसा यांच्यासह हजारोंना स्थानबद्ध करण्यात आले, व्हुयेक खाणीत नऊ कामगार गोळीबाराला बळी पडले. लष्कराच्या पहाऱ्यात १९८२ मध्ये मोठी भाववाढही पार पडली. म्हणजे दडपशाही फसली असे म्हणता येत नाही. पण रस्ते शांत झाले तरी उत्पादन वाढले नाही आणि परकीय कर्ज चढतच राहिले. नोव्हेंबर १९८७ मध्ये सरकारने कठोर सुधारणांसाठी सार्वमत घेतले, तेव्हा नियमाप्रमाणे लागणारे एकूण मतदारांचे बहुमत मिळाले नाही. १९८८ च्या वसंतात आणि ऑगस्टमध्ये पुन्हा संप झाले. सुधारणेला जनतेचा होकार हवा होता आणि तो मिळवून देऊ शकणारी एकमेव संघटना बेकायदा होती. गृहमंत्री किश्चाक यांनी वालेसांशी बोलणी सुरू केली ती या कोंडीतून.

हे सारे सोव्हिएत नेते गोर्बाचेव्ह यांच्यामुळे घडले, असा आक्षेप घेतला जातो. मॉस्कोने हस्तक्षेपाचा धाक काढून घेतला नसता तर हे घडले नसते, हे खरेच. परंतु तो धाक पूर्व जर्मनी, चेकोस्लोव्हाकिया आणि रुमानियावरूनही उठला होता. तरी विरोधकांबरोबर सत्तेचा करार सर्वांत आधी पोलंडमध्ये झाला, कारण करार करायला समोर सात वर्षे भूमिगत राहून टिकलेली संघटना होती. दुसरा आक्षेप असा, की फेब्रुवारी ते एप्रिल १९८९ च्या गोलमेज वाटाघाटी ही वरच्यांची आपसातली तडजोड होती. सेयम या कनिष्ठ सभागृहातील ४६० पैकी २९९ जागा सत्ताधारी व त्यांच्या मित्रांसाठी राखून ठेवल्या होत्या, हे पाहता आक्षेपात तथ्य आहे. मात्र ४ जूनच्या आणि नंतरच्या फेरीच्या मतदानात सॉलिडॅरिटीने खुल्या १६१ जागा आणि सिनेटच्या शंभरपैकी ९९ जागा जिंकल्या. सत्ताधाऱ्यांच्या ३५ जणांच्या राष्ट्रीय यादीतील ३३ नावे मतदारांनी नापसंत केली. हा निकाल पाहून पक्षाचे जुने मित्रपक्षही फिरले आणि ऑगस्टमध्ये सॉलिडॅरिटीचे माझोव्हिएत्स्की पंतप्रधान झाले. तडजोड नेत्यांची होती, तिचा अर्थ मतदारांनी ठरवला.

त्याच ४ जूनला पेकिंगमध्ये रणगाड्यांनी आंदोलन चिरडले. म्हणून निदर्शनांतून राजवट कोसळतेच, असा नियम काढता येत नाही. पोलंडचा अनुभव एवढेच सांगतो, की संमतीचा प्रश्न राज्यकर्त्यांना फार काळ टाळता आला नाही. जानेवारी १९९० मध्ये अर्थमंत्री बाल्त्सेरोविच यांनी दर मुक्त केले आणि एका महिन्यात भाव सुमारे ८० टक्क्यांनी चढले. साम्यवाद्यांना कधीही झेपला नसता असा हा धक्का देश सोसू शकला. लोकांचा राग त्या वर्षाअखेरच्या अध्यक्षीय निवडणुकीत व्यक्त झाला: माझोव्हिएत्स्की तिसऱ्या क्रमांकावर फेकले गेले, नवी राज्यव्यवस्था मात्र टिकली.